बाल्कनीतलं ऊन कुणाच्या वाट्याला?

रोपवाटिकेत शिरलं की मन दोन्हीकडे ओढलं जातं. एका बाजूला कढीपत्ता, पुदिना, मिरचीची रोपं मांडलेली असतात. दुसऱ्या बाजूला शेवंती, जरबेरा आणि चकचकीत पानांचा झीझी प्लांट. घरची बाल्कनी मात्र जेमतेम चार फूट रुंद, आणि तिचा एक कोपरा कपडे वाळत घालायच्या दोऱ्यांनी आधीच अडवलेला. तिथे खायच्या वनस्पती लावाव्यात की शोभेच्या?

बहुतेक घरांत हा प्रश्न आवडीवर सुटतो. कुणाला घरची कोथिंबीर हवी असते, कुणाला दारात फुलं. वर्षभरात निम्म्या कुंड्या रिकाम्या होतात आणि "आमच्याकडे झाडं जगतच नाहीत" असा निष्कर्ष निघतो. खरं कारण बहुतेकदा वेगळं असतं. बाल्कनीत जागा कमी पडली तर स्टँड लावून ती उभी वाढवता येते. माती विकत मिळते, पाणी नळाला येतं. ऊन तेवढं कुठूनच आणता येत नाही. म्हणून निवडीची सुरुवात आपल्या वाट्याला किती ऊन आलं आहे इथून व्हायला हवी. ते ऊन कुणाला द्यायचं हे ठरलं, की अर्धी बाग ठरली.

आधी ऊन मोजा

सुट्टीच्या दिवशी सकाळी आठपासून दर तासाला फरशीवर उन्हाची कड जिथे असेल तिथे खडूने रेघ ओढा आणि शेजारी वेळ लिहा. संध्याकाळी पाचपर्यंत फरशीवर उन्हाचा नकाशा तयार होतो. कठड्याच्या उंचीवर ऊन जास्त वेळ टिकतं, म्हणून तिथली नोंद वेगळी ठेवा. मिरचीची कुंडी जमिनीवर ठेवायची की उंच स्टुलावर, हे त्या नोंदीवरून कळतं.

हा नकाशा एका ऋतूपुरता खरा असतो. मुंबई सुमारे 19 अंश उत्तर अक्षांशावर आहे. तिथे डिसेंबरात भर दुपारी सूर्य दक्षिणेकडे, क्षितिजापासून साधारण 47 अंशांवर असतो. त्यामुळे दक्षिणेच्या बाल्कनीत ऊन तिरकं शिरतं आणि दिवाणखान्याच्या दारापर्यंत पोचतं. मेच्या मध्यावर तोच सूर्य बरोबर डोक्यावर येतो. शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो हाच. त्या वेळी वरच्या मजल्याचा स्लॅब सगळं ऊन अडवतो. पुढे जुलैच्या अखेरीपर्यंत माध्यान्हीचा सूर्य किंचित उत्तरेकडेच असतो. म्हणजे दक्षिणेची बाल्कनी ही मुळात हिवाळी बाग आहे, आणि कोथिंबीर, मेथी, टोमॅटो, शेवंती यांचा आपल्याकडचा मुख्य हंगामही हिवाळाच. दक्षिणमुखी घरात राहणाऱ्यांनी दसऱ्यानंतर कामाला लागावं.

पूर्वेच्या बाल्कनीला सकाळचं कोवळं ऊन मिळतं. पालेभाज्या, पुदिना आणि बहुतेक फुलझाडं तिथे सुखात वाढतात. पश्चिमेचं ऊन दुपारनंतरचं, तापलेलं. शिवाय मुंबई-कोकणात पावसाची झड याच बाजूने येते. तिथे कढीपत्ता, गवती चहा, जास्वंद, बोगनवेल अशी दणकट मंडळी हवीत. उत्तरेच्या बाल्कनीत उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ तिरकी उन्हं येतात, एरवी नुसता उजेड. तिथे टोमॅटो लावला तर तो उजेडाच्या शोधात लांबच लांब होतो आणि फळ धरत नाही.

तासांचा ढोबळ हिशेब असा. मिरची, टोमॅटो, वांगं, लिंबू या फळं देणाऱ्यांना रोज सहा तास थेट ऊन लागतं. मेथी, कोथिंबीर, पालक, पुदिना यांचं तीन-चार तासांत भागतं. दोन तासांहून कमी ऊन असेल, तर ती जागा पानांच्या शोभेच्या झाडांना द्यावी. यामागचं कारण सरळ आहे. झाड उन्हाच्या बळावर पानात साखर तयार करतं. पान ही त्यातून होणारी पहिली वाढ, तर फूल, फळ आणि बी यांसाठी शिल्लक लागते. मनी प्लांट, सिंगोनियम, फिलोडेंड्रॉन ही मुळात उष्ण प्रदेशातल्या दाट जंगलांच्या तळाशी, मोठ्या झाडांच्या सावलीत वाढणारी. कमी उजेडात भागवणं त्यांच्या अंगवळणी पडलेलं आहे.

कोल्हापूरचे गणिताचे प्राध्यापक श्री. अ. दाभोळकर यांनी 'प्रयोग परिवारा'च्या माध्यमातून पानावर पडणाऱ्या उन्हाचा हा हिशेब शेतकऱ्यांना आणि शहरातल्या गच्चीवर बाग करणाऱ्यांनाही शिकवला. झाडाकडे पाहताना किती पानांवर किती ऊन पडतं आहे हे पाहायची सवय लागली, की कुंडी कुठे ठेवायची हे कुणाला विचारावं लागत नाही.

चिमूटभर लागतं ते आधी

ऊन भरपूर आहे असं धरून चालू. तरी चार माणसांची रोजची भाजी बाल्कनीतून निघणार नाही, हे सुरुवातीलाच मान्य करावं. कोबीचा एक गड्डा एक मोठी कुंडी अडीच-तीन महिने अडवून ठेवतो आणि एका जेवणात संपतो. कांदे-बटाट्यांचंही तेच. अशा पिकांना बाल्कनीतलं ऊन देणं परवडत नाही.

स्वयंपाकघराकडे वेगळ्या नजरेनं पाहा. कोणती गोष्ट थोडीच लागते, पण वारंवार लागते? कोणती आणल्यावर दोन दिवसांत मलूल होते? आणि कोणती खुडली तरी पुन्हा फुटते? या तिन्ही कसोट्यांवर जे उतरतं, ते बाल्कनीत असायला हवं. फोडणीला कढीपत्त्याची एक काडी लागते. जुडी आणली तर उरलेली फ्रिजमध्ये काळी पडते. गवती चहाची दोन पाती, ओव्याची चार पानं, चटणीपुरता पुदिना, एक-दोन हिरव्या मिरच्या, काढ्यापुरती तुळस यांचं गणितही तसंच आहे. ताज्या पानाचा वास तोडल्यापासून उडू लागतो. ओट्यापासून चार पावलांवर असलेल्या झाडाची बरोबरी मंडईतली जुडी करू शकत नाही.

यांपैकी बहुतेकांना रोपवाटिकेतही जावं लागत नाही. बाजारातल्या पुदिन्याच्या जाड काड्या निवडून खालची पानं काढा आणि पाण्यात ठेवा. आठवड्याभरात पेरांपाशी पांढरी मुळं दिसतात. पुदिना जमिनीलगत धुमारे सोडत पसरतो आणि शेजाऱ्याला जागा ठेवत नाही, म्हणून त्याला स्वतंत्र, पसरट कुंडी द्यावी. गवती चहाचा मुळांसकट एक फुटवा पुरतो. ओव्याच्या पानाची फांदी मातीत खोचली की धरते. फालुद्यात घालायचा सब्जा म्हणजे गोड तुळशीचं बी. ज्या रोपाला इटालियन जेवणात बेसिल म्हणतात, त्याच जातीचं. चिमूटभर सब्जा पेरला की सुगंधी पानांची कुंडी तयार. मंजिऱ्या येताच खुडत गेलं की पानांचा हंगाम लांबतो.

कढीपत्त्याच्या बाबतीत मात्र धीर हवा. पहिल्या वर्षी तो एकच दांडा वर नेतो. शेंडा खुडला की बगलेतून फांद्या फुटतात आणि झुडूप भरतं. त्याला निदान चौदा-सोळा इंचांची कुंडी द्यावी आणि पहिल्या वर्षी पानांसाठी ओरबाडू नये.

कोथिंबिरीची कुंडी

बाल्कनीत सर्वांत जास्त निराशा कोथिंबीर करते, म्हणून तिच्याकडे नीट पाहू. धणा हे दोन बियांचं जोडफळ असतं. अख्खा पेरला तर उगवायला वेळ लागतो. म्हणून धणे कापडावर पसरून लाटण्यानं हलक्या हातानं रगडायचे, म्हणजे त्यांच्या दोन फाकी होतात. चुरा होता कामा नये. रात्रभर पाण्यात भिजवून सकाळी निथळायचे. सहा इंच खोल, पसरट ट्रे घ्यायचा आणि त्यात भुसभुशीत माती भरायची. धणे दाट विखरून वर अर्धा इंच मातीचा थर द्यायचा. पाणी झारीनंच घालायचं, कारण मगातून पडणाऱ्या पाण्याच्या धारेनं बी एका कोपऱ्यात गोळा होतं.

मेथी दोन-तीन दिवसांत मान वर काढते. कोथिंबीर आठवडाभर तरी दिसतच नाही, कधी दोन आठवडेही घेते. याच काळात लोक कंटाळून पाणी द्यायचं थांबवतात किंवा माती उकरून पाहतात. तिचं मूळ सोटासारखं सरळ खाली जातं, त्यामुळे उगवलेली रोपं उपटून दुसरीकडे लावली तर रुसतात. जिथे पेरली तिथेच वाढू द्यायची. साधारण चाळीस-पंचेचाळीस दिवसांत ती कापायला येते. दोन बोटं उंचीवर कात्रीनं कापली तर पुन्हा एकदा, थोडी विरळ, फुटते. दसऱ्यानंतर दर पंधरा दिवसांनी एक ट्रे पेरत गेलं, तर हिवाळाभर घरात कोथिंबीर असते.

उन्हाळा तापू लागला की ती पानं सोडून तुऱ्यावर येते. ते तुरे लगेच उपटू नयेत. पांढऱ्या-गुलाबी फुलांच्या त्या छत्र्यांवर बारीक पट्टेरी माश्या येतात. त्यांतल्या अनेक जातींच्या अळ्या मावा खातात. शेवटी लागणारे हिरवे धणे चटणीत घातले तर त्यांची चव बाजारात विकत मिळत नाही. खायला लावलेलं रोप शेवटचे तीन आठवडे शोभेचं होतं, ते असं.

शोभेला उपयोगाचं प्रमाणपत्र नको

शोभेची झाडं विकताना हल्ली एक दावा हमखास केला जातो, की ती घरातली हवा शुद्ध करतात. त्याचं मूळ नासासाठी बी. सी. वूल्व्हर्टन यांनी 1989 मध्ये केलेल्या प्रयोगांत आहे. ते प्रयोग लहान, बंद पेट्यांमध्ये केलेले होते. ड्रेक्सेल विद्यापीठातल्या संशोधकांनी 2019 मध्ये अशा अनेक प्रयोगांचा एकत्र अभ्यास केला. घरात हवा खेळती असताना जेवढी शुद्ध होते तेवढं काम झाडांकडून करून घ्यायचं, तर दर चौरस मीटरला दहा ते हजार झाडं लागतील, असं त्यांना आढळलं. खिडकी उघडणं यापेक्षा कितीतरी सोपं आहे.

म्हणून शोभेचं झाड त्याच्या शोभेसाठीच घ्यावं, आणि त्यात काही उणं मानू नये. कामावरून थकून आलेल्या माणसाला दारात उमललेला मोगरा जे देतो ते वजनकाट्यावर मोजता येत नाही. पूजेला घरची जास्वंद मिळणं यातही समाधान आहे. अंधाऱ्या बाल्कनीत हिरवंगार फर्न असणं, हे तिथे मरतुकडी मिरची असण्यापेक्षा कधीही चांगलं.

फुलझाडांची गणितं समजून घेतली की त्यांच्याकडून भरभरून मिळतं. मोगऱ्याला जानेवारीत पाणी कमी करून छाटलं, मग खत-पाणी सुरू केलं, की उन्हाळ्यात तो कळ्यांनी लगडतो. शेवंती रात्री मोठ्या होऊ लागल्या की कळ्या धरते. तिच्यावर रात्रभर ट्यूबलाइट किंवा रस्त्यावरचा दिवा पडत असेल, तर रात्र मोठी झाल्याचं तिला कळतच नाही आणि कळ्या लांबतात. अशी कुंडी अंधाऱ्या कोपऱ्यात सरकवणं हा यावरचा बिनखर्चाचा उपाय.

अंगण आणि परस

जुन्या घरांत या दोन जगांना वेगळ्या जागा होत्या. पुढच्या अंगणात तुळशीवृंदावन, जास्वंद, पारिजातक, अनंत. मागच्या परसात अळू, केळ, कढीपत्ता, गवती चहा. न्हाणीघराचं पाणी अळवाच्या वाफ्यात सोडलेलं असे. फ्लॅटमध्ये अंगण आणि परस दोन्ही एकाच बाल्कनीत आले, म्हणून निवडीचा पेच पडला.

हा पेच काही झाडं स्वतःच सोडवतात, कारण वनस्पतींच्या घराण्यांत ही सीमा फार पातळ आहे. सकाळी दहाच्या सुमारास उमलणारं ऑफिसटाइम आणि भाजीची घोळ ही एकाच प्रजातीतली भावंडं. कढीपत्त्याचं जवळचं नातं कुंतीशी, तिच्या पांढऱ्या सुगंधी फुलांवरून ते लक्षात येणार नाही. जास्वंद आणि अंबाडी एकाच घरच्या.

दोन्ही कामं करणारी झाडं मुद्दाम निवडावीत. तांबड्या देठाचा मायाळू कठड्यावर चढवला, तर त्याची मांसल पानं आणि जांभळी फळं एखाद्या शोभिवंत वेलीला मागे टाकतात, आणि पानांची भजीही होतात. गोकर्णाची निळी फुलं बाल्कनीला रंग देतात आणि तिच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र बांधून ठेवतात. अक्षय्य तृतीयेच्या सुमारास हळदीचं एक कुडं कुंडीत लावलं, तर पावसाळ्यात रुंद, रेघारेघांची पानं डौलात उभी राहतात. कोकण-गोव्यात नागपंचमीच्या पातोळ्या याच पानात वाफवतात. हिवाळ्यात पानं वाळली की मातीत ओली हळद तयार असते.

खायच्या कुंडीचे नियम

ताटात जाणाऱ्या रोपाला काही पथ्यं पाळावीच लागतात. शोभेची म्हणून वाढवलेली रोपं विक्रीआधी फवारलेली असू शकतात, आणि काही कीटकनाशकं झाडाच्या रसात भिनतात. त्यामुळे फुलवाल्याकडच्या गुलाबाचा गुलकंद करू नये. रोपवाटिकेतून आणलेल्या तुळशीची किंवा कढीपत्त्याची असलेली पानंही खाऊ नयेत. पुढची नवी फूट जोमानं येईपर्यंत थांबावं. बाल्कनी खालच्या मजल्यावर आणि रहदारीच्या रस्त्यालगत असेल, तर पालेभाज्यांपेक्षा मिरची-लिंबू बरं, कारण पानांवर धूळ जास्त बसते. तरीही पाला लावला, तर वाहत्या पाण्याखाली नीट धुऊन घ्यावा.

विषारी झाडं वेगळी ठेवावीत. कण्हेर, अडेनियम, सदाफुली यांत पोटात जाता कामा नयेत अशी द्रव्यं असतात. डिफेनबाकियाचं पान चावलं तर तोंड सुजतं, कारण त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. हेच स्फटिक अळवातही आहेत, म्हणून आपण अळू चिंच घालून नीट शिजवतो. शोभेच्या रंगीत अळूला खायचं अळू समजण्याची चूक मात्र होऊ देऊ नये. घरात रांगतं मूल किंवा मांजर असेल, तर ही झाडं हाताला लागतील अशा उंचीवर नकोतच.

मावा किंवा पिठ्या ढेकूण आला, तर खायच्या झाडावर आधी पाण्याचा जोरदार फवारा, मग साबणाचं सौम्य पाणी किंवा कडुलिंबाचं तेल. एवढ्यानं बहुतेक वेळा भागतं. कढीपत्त्यावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी काळी-पांढरी अळी दिसली, तर ती चिरडायची घाई करू नका. मोठी झाली की ती हिरवी होते, बोट लावलं की डोक्यामागून नारिंगी शिंगं बाहेर काढते आणि शेवटी फुलपाखरू होऊन उडते. महाराष्ट्रानं 2015 मध्ये राज्य फुलपाखरू म्हणून मान दिलेल्या निळ्या पंखांच्या ब्लू मॉरमॉनची अळीही याच लिंबूवर्गीय कुळावर वाढते. एका भरल्या झुडपाला दोन-तीन अळ्या सहज परवडतात.

वजन, पाणी आणि मे महिना

बारा इंचांची कुंडी लाल मातीनं भरून भिजवली, की तिचं वजन पंचवीस किलोच्या घरात जातं. राहत्या इमारतींच्या बाल्कन्यांसाठी भारतीय मानकात दर चौरस मीटरला 3 किलोन्यूटन, म्हणजे साधारण 300 किलो, एवढा भार धरलेला असतो. त्यात माणसं आणि सामानही आलं. इमारत जुनी असेल किंवा स्लॅबला तडे असतील, तर मोठ्या कुंड्यांआधी जाणकाराला दाखवावं. कोकोपीट आणि कंपोस्ट मिसळून माती हलकी करता येते. जड कुंड्या भिंतीलगत आणि हलक्या कठड्याच्या बाजूला असाव्यात. कठड्यावर सुटी कुंडी कधीही ठेवू नये, खालून माणसं जात असतात.

शेवटची कसोटी आपल्या दिनक्रमाची. कोथिंबिरीचा ट्रे उन्हाळ्यात एका दिवसाच्या खाड्यानंही माना टाकतो. स्नेक प्लांट आणि झीझी प्लांट दोन आठवडे पाण्यावाचून काढतात. जे कुटुंब मे महिना गावी घालवतं, त्यानं हंगामी भाज्या एप्रिलपर्यंत आटोपून ट्रे रिकामे करावेत आणि मागे उरणारी झाडं सोशिक निवडावीत. रोज सकाळी दहा मिनिटं देणं ज्यांना शक्य आहे, त्यांनी खायच्या झाडांचं प्रमाण वाढवावं. ज्यांच्या कामाच्या वेळा अनिश्चित आहेत, त्यांनी शोभेकडे झुकावं. त्यात कमीपणा नाही.

पहिल्या वर्षी फार पसारा नको. सर्वांत जास्त ऊन येणारी जागा मिरचीला आणि कढीपत्त्याला द्या. सकाळच्या उन्हात पुदिन्याची पसरट कुंडी आणि कोथिंबिरीचा ट्रे ठेवा. एक जागा मनाला आवडेल त्या फुलझाडासाठी राखा, आणि तिथे उपयोगाचा विचार करू नका. ऊन पोचत नाही त्या कोपऱ्यात सावलीतली दोन पानझाडं येऊ द्या. दिवाळी, संक्रांत आणि पाडव्याला खडूचा नकाशा पुन्हा काढा आणि कुंड्या उन्हामागे सरकवा. वर्षाअखेरीला कोणतं झाड खुडलं गेलं, कोणतं डोळे भरून पाहिलं गेलं आणि कोणाकडे कुणीच फिरकलं नाही, हे घरातल्या सगळ्यांना विचारा. तिसऱ्या प्रकारातलं झाड ज्याला हवं असेल त्याला देऊन टाका आणि त्याच्या वाट्याचं ऊन पहिल्या दोघांत वाटा.